फक्त गिऱ्हाइकालाच तोंडी का?

गाडीच्या शोरूमला मेल पाठवून ऑन-रोड किंमत विचारा. उत्तर फोनवर येतं. "मॅडम, तुमचा मेल मिळाला. एकदा शोरूमला या ना, बसून बोलू. बेस्ट करून देतो." आकडा मेलवरच पाठवा म्हटलं, की पलीकडून पुन्हा तेच. "मेलवर एवढं डिटेलमध्ये नाही सांगता येत मॅडम. समोरासमोर बरं पडतं." कुणाला बरं पडतं ते तो सांगत नाही. शोरूमला बरं पडतं. तोंडी सांगितलेला आकडा दुसऱ्या दिवशी फिरवता येतो, मेलवरचा फिरवता येत नाही.

म्हणून आजचं माझं म्हणणं सरळ आहे. गाडी बघायला शोरूममध्ये जरूर जा. चालवून बघा, डिकी उघडून बघा, आजींना मागच्या सीटवर बसवून त्यांचे गुडघे पुढच्या सीटला लागतात का ते बघा. हे मेलवर होत नाही. पैशाचं बोलणं मात्र मेलवर करा. आणि जे शोरूम मेलवर आकडा देत नाही, तिथे टोकन टाकू नका.

पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर सगळे कर धरून किंमत छापलेली असते. २०११ च्या नियमांनी ती छापणं सक्तीचं आहे. दहा लाखांच्या गाडीला ते बंधन नाही. घर सोडलं तर नोकरदार कुटुंबाची ही सगळ्यात मोठी खरेदी, आणि तिची शेवटची किंमत किती, हे कळायला समोरच्या खुर्चीत बसून कॉफी प्यावी लागते. हे आपण इतकी वर्षं चालवून घेतलं याचा मला राग आहे.

भाचीला गाडी घ्यायची होती. स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावावर. मी तिच्याबरोबर पुण्यातल्या एका शोरूमला गेले. खुर्चीत टेकतो न टेकतो तोच सेल्सच्या मुलाने विचारलं, "मॅडम, सर नंतर येणार आहेत का?" ती म्हणाली, "सर नाहीत. गाडी मीच घेतेय." पुढचा अर्धा तास तो मायलेज आणि इंजिनाबद्दल जे काही बोलला ते माझ्याकडे बघून आणि रंगांबद्दल जे बोलला ते तिच्याकडे बघून. मला गाडी चालवताही येत नाही. ती रोज चालवते.

मग त्याने कोटेशन काढलं. कोटेशन म्हणजे काय, तर साध्या पॅडवरचा कागद आणि बॉलपेन. वर शोरूमचं नाव नाही, तारीख नाही, शिक्का नाही. एक्स-शोरूम ९,१०,०००. खाली आरटीओ १,१९,०००. इन्शुरन्स ४९,०००. हँडलिंग ७,५००. बेसिक किट १६,९९०. पीयूसी आणि इतर १,२००. बेरजेखाली दोन रेघा, आणि बाजूला एक गोल काढून त्यात 'डिस्काउंट १५,०००'. तो गोल त्याने पेनने पुन्हापुन्हा गडद केला. "आज टोकन टाकलंत तर हे मी साहेबांकडून करून घेतो. उद्या स्कीम संपते." भाचीने कागदाचा फोटो काढायला मोबाइल काढला, तर त्याने कागद हळूच आपल्याकडे ओढला. "हे फक्त तुम्हाला समजायला आहे मॅडम."

त्या कागदाची एक एक ओळ बघू. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के आहे. ९,१०,००० वर तो होतो १,००,१००. नोंदणीची फी ६०० रुपये. कर्ज असेल तर एचपी, म्हणजे बँकेचा बोजा, चढवायचे १,५००. कार्ड आणि किरकोळ धरलं तरी आकडा एक लाख पाच हजारांच्या आत राहतो. मग वरचे चौदा हजार कुठल्या सरकारी खात्यात जातात? कुठल्याच नाही. कर 'वाहन' पोर्टलवर भरला जातो आणि त्याची पावती निघते, रुपयासकट. ती पावती मागणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं, म्हणून ही ओळ सगळ्यात निवांत फुगते.

पीयूसी: नव्या गाडीला पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष पीयूसी लागतच नाही. नियमातच तसं आहे. तरीही ही ओळ असते.

हँडलिंग: सरकारच्या कोणत्याही शुल्काच्या यादीत हे नाव नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणणं, धुणं, पुसणं हा विक्रेत्याचा धंदा आहे आणि त्याचं कमिशन त्याला कंपनी देते. पुन्हा गिऱ्हाइकाने का द्यायचं? विचारलं तर उत्तर मिळतं, "सगळेच घेतात मॅडम." सगळे घेतात हे कारण नव्हे.

इन्शुरन्सची ओळ जरा नीट बघावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. तो घ्यायलाच हवा. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यायची सक्ती नाही. आणि दोन्ही विमे याच शोरूममधून घ्या अशी सक्ती तर कुणीच करू शकत नाही. विमा नियामकाने २०१७ मध्ये गाडीविक्रेत्यांसाठी वेगळे नियम केले आणि त्यांत गिऱ्हाइकाला विमा कंपनी निवडायची मोकळीक ठेवली. शोरूमवाले हे जाणतात, म्हणून सक्ती उघड करत नाहीत. ते म्हणतात, "बाहेरून घ्या ना, काही हरकत नाही. फक्त डिस्काउंट बसणार नाही." हे वाक्य तोंडी बोललं जातं. मेलवर हे वाक्य लिहून द्यायला सांगा आणि बघा, कुणी लिहितं का.

मला हाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. जे फक्त तोंडी सांगता येतं आणि लिहून देता येत नाही, त्यातच काहीतरी काळंबेरं असतं.

कुणी म्हणेल, हा धंदाच बोलाचालीचा, त्यात कागद कुठे आणता? पण कागद या धंद्यात भरपूर आहेत. कंपनी डीलरला महिन्याच्या स्कीमचं पत्रक मेलवर पाठवते. डीलर बँकेला प्रोफॉर्मा इनव्हॉइस मेलवर पाठवतो, कारण त्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही. विमा कंपनीशी व्यवहार मेलवर. टार्गेटची विचारणा मेलवर. एकमेकांशी सगळे लेखी बोलतात. तोंडी फक्त गिऱ्हाइकाशी.

याचा पुरावा सरकारी आदेशात आहे आणि त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाला एक निनावी मेल आला. मारुती सुझुकीचा डीलर असल्याचं सांगणाऱ्या कुणीतरी तो पाठवला होता. तक्रार मुंबई वगळून उरलेल्या महाराष्ट्राच्या विभागातली. कंपनीने ठरवून दिलेल्या सवलतीपेक्षा जास्त सवलत डीलरने गिऱ्हाइकाला दिली तर कंपनी डीलरला दंड करते, असं त्यात लिहिलं होतं. आयोगाने चौकशी लावली. चौकशीत निघालं ते असं: कंपनीने नेमलेल्या एजन्सीची माणसं गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जायची, जास्तीची सवलत मागायची, आणि ती मिळाली तर अहवाल कंपनीकडे जायचा. मग त्या डीलरला खुलासा मागणारा मेल जायचा, पटला नाही तर दंड. आयोगाने हे सगळं ज्याच्या आधारावर मांडलं त्यात कंपनी आणि डीलर यांच्यातले मेल होते. २३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगाने कंपनीला २०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनीने त्या आदेशाविरुद्ध अपील केलं.

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली, ज्या माणसाला खरोखर काही सिद्ध करायचं होतं त्याने फोन केला नाही, तो कुणाच्या केबिनमध्ये जाऊन बसला नाही. त्याने मेल लिहिला. दुसरी गोष्ट शोरूमच्या बाजूने सांगायला हवी. समोर बसलेलं गिऱ्हाईक खरं आहे की कंपनीने धाडलेलं, अशी धास्ती ज्या विक्रेत्यांच्या पोटात बसली असेल, ते जास्तीची सवलत कुजबुजूनच देणार. कागदावर लिहिली तर अंगाशी येईल, ही भीती त्यांनी मनाने काढलेली नव्हती. पण त्या भीतीचा भुर्दंड गिऱ्हाइकाने का सोसायचा? जी सवलत लपवून द्यावी लागते ती ज्याला घासाघीस जमते त्यालाच मिळते. जो भिडस्त आहे, पहिल्यांदा गाडी घेतोय, किंवा जिच्याबरोबर 'सर' नाहीत, तिला पूर्ण किंमत.

सेल्सच्या त्या पोराला मी दोष देत नाही. त्याचा पगार तुटपुंजा, बाकी सगळं इन्सेंटिव्हवर. महिनाअखेर टार्गेट डोक्यावर. विमा, किट, वॉरंटी, कोटिंग यातलं किती खपवलं यावर त्याचं मोजमाप होतं. त्याच्या नावाचा ऑफिसचा मेल आयडीही बऱ्याचदा नसतो. मालकाने दिला नाही. जो मालक शोरूमच्या काचेवर आणि संगमरवरावर कोटी घालतो, त्याला विक्रीच्या माणसांना मेल आयडी द्यायला काय होतं? देत नाही, कारण द्यायचा नाही.

आता मेल कसा लिहायचा ते सांगते. मराठीत लिहा. महाराष्ट्रात धंदा करणाऱ्याला मराठी मेल वाचता यायलाच हवा. भाचीने पाठवला तो साधारण असा होता.

"नमस्कार. मला अमुक मॉडेलचा अमुक व्हेरियंट, पेट्रोल, पांढरा रंग, वैयक्तिक नावावर, पुणे आरटीओच्या नोंदणीसह घ्यायचा आहे. कृपया पुढील माहिती मेलवर द्यावी. एक्स-शोरूम किंमत. वाहन कर आणि नोंदणीचा खर्च, वेगवेगळा. विमा तुमच्याकडून घेतला तर किती, बाहेरून घेतला तर सवलतीत फरक पडतो का. कंपनीची सवलत किती आणि तुमची किती. याशिवाय कोणतंही शुल्क घेत असाल तर त्याचं नाव आणि ते कशासाठी. गाडी कोणत्या महिन्यात तयार झालेली आहे. बुकिंग रद्द केलं तर किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल. हा दर कोणत्या तारखेपर्यंत राहील. आणखी काही शोरूमना हाच मेल पाठवला आहे. फोन करू नये. कळावे."

शेवटून तिसरं वाक्य मुद्दाम घातलं. ते खरंही होतं. एकाच कंपनीच्या, शहराच्या वेगवेगळ्या टोकांच्या शोरूमना एकच मजकूर गेला. जिथे आम्ही गेलो होतो त्यांनी मेलला उत्तर दिलंच नाही, फोन मात्र करत राहिले. एकाने आकड्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आणि थोड्या वेळाने 'डिलीट फॉर एव्हरीवन' करून "सुधारित पाठवतो" म्हणाला. आणि एका शोरूमच्या बाईंनी लेटरहेडवर, सही-शिक्क्याचं पीडीएफ पाठवलं. त्यात हँडलिंगची ओळ नव्हती. आरटीओसमोर 'प्रत्यक्ष पावतीप्रमाणे' असं लिहिलं होतं. किट ऐच्छिक. विमा ऐच्छिक. गाडीच्या निर्मितीचा महिना दिलेला. दर कोणत्या तारखेपर्यंत हेही दिलेलं. त्यांची सवलत त्या गडद गोलातल्या आकड्यापेक्षा कमी होती आणि तरीही एकूण किंमत त्या शोरूमपेक्षा बरीच खाली होती. भाचीने गाडी तिथूनच घेतली. त्या मेलवर तिला कुणी 'सर येणार आहेत का' असं विचारलं नाही. मेलला बाई-पुरुष कळत नाही असं नाही, सही खाली असते. पण लेखी उत्तर देताना माणूस तसं विचारायला धजत नाही, आणि बायकांसाठी एवढ्यानेही फार फरक पडतो.

तारखेची गोष्ट निघाली म्हणून सांगते. २२ सप्टेंबर २०२५ ला लहान गाड्यांचा जीएसटी उतरला. पेट्रोलच्या लहान गाडीवर उपकरासह २९ टक्के कर होता तो १८ वर आला. बुकिंग कधी केलं याला त्यात किंमत नव्हती, बिल कोणत्या तारखेचं यालाच होती. २१ तारखेचं बिल असेल तर जुना कर, २२ चं असेल तर नवा. नऊ लाखांच्या गाडीत हा फरक पाऊण लाखाच्या घरात जातो. अशा दिवसांत "बिल पुढच्या आठवड्यात करू, काळजी करू नका" असं फोनवर ऐकून गप्प बसायचं, की "बिल २२ तारखेनंतरच करावे" असा मेल टाकून ठेवायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी मेल टाकला असता.

मेलला कायद्यात वजन आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम १०अ आलं: केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अवैध ठरत नाही. २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदान्त ॲल्युमिनियम या बॉक्साइटच्या सौद्याच्या खटल्यात, औपचारिक करारावर सह्या झालेल्या नसताना मेलवरच्या देवाणघेवाणीतून करार झाला, असं सर्वोच्च न्यायालयाने मानलं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असे मेल प्रमाणपत्र जोडून पुराव्यात देता येतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ सांगतो की एक वस्तू विकताना दुसरी घेण्याची अट घालणं ही प्रतिबंधक व्यापारी प्रथा आहे. किट घेतल्याशिवाय डिलिव्हरी नाही, म्हणजे हेच. जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार चालते, पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी २०० रुपये आहे, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. तिथे पहिला प्रश्न येतो, लेखी काय आहे? "तो म्हणाला होता" याला तिथे उभं राहायला जागा नाही.

व्हॉट्सॲप त्या मानाने मधलं. काहीच नसण्यापेक्षा बरं. पण फोटोत शोरूमचं नाव नसतं, नंबर त्या पोराचा खासगी असतो, पोरगा नोकरी सोडून गेला की नंबरही गेला. व्हॉट्सॲपवर आकडा आलाच तर तोच आकडा मेलवर लिहून पाठवा, "आपण आज दिलेला दर पुढीलप्रमाणे, चूक असल्यास कळवावे." उत्तर नाही आलं तरी तुमच्याकडे तारखेसह नोंद राहते.

फोनचा उपयोग मी एवढाच मानते: टेस्ट ड्राइव्हची वेळ ठरवायला, आणि गाडी यार्डात आली का ते विचारायला. दरासाठी फोन करू नका. कंपनीच्या वेबसाइटवर नंबर टाकला की तुम्ही 'लीड' होता. तो नंबर जवळच्या डीलरकडे जातो, तिथून टेलिकॉलरकडे, मग कर्जवाला, मग जुनी गाडी घेणारा. गाडी घेऊन वर्ष झालं तरी "सर, गाडीचा विचार चालू आहे का?" चालूच. कंपनीच्या डीलरच्या यादीत बऱ्याचदा शोरूमचा मेल पत्ता असतो. तो घ्या. चौकशीसाठी वेगळा मेल आयडी उघडला तर आणखी चांगलं.

बार्शीच्या किंवा निलंग्याच्या माणसाने काय करायचं, असं मला कुणी विचारेल. तिकडे सोयाबीनचे किंवा उसाचे पैसे हातात आले की चार पाहुणे जीपमध्ये बसून शोरूमला जातात, त्यातला एक पाहुणा बोलण्यात पक्का असतो आणि तो शोरूमच्या मॅनेजरला घाम फोडतो. ही पद्धत मी मोडा म्हणणार नाही. त्या पाहुण्याच्या तोंडापुढे पुण्यातली अर्धी गिऱ्हाइकं टिकणार नाहीत. पण ठरलेला आकडा लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हातात घेतल्याशिवाय उठू नका. आणि घरात शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्याच दिवशी त्या कागदाचा फोटो शोरूमच्या मेलवर पाठवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

एक दर, लेखी, सगळ्यांना सारखा, हे या देशात जमतच नाही असं कुणी म्हणू नये. चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात ते केलं. देशभर गाडीची किंमत एकच, बिल थेट कंपनीचं, डीलर फक्त कंपनीचा प्रतिनिधी. एका शोरूममधून दुसऱ्या शोरूममध्ये भाव करत फिरायचं कारणच उरलं नाही. म्हणजे ज्याला लाख-दोन लाखांनी काही बिघडत नाही त्याला एकच छापील किंमत, आणि जो सात वर्षांचा हप्ता डोक्यावर घेऊन आठ लाखांची गाडी घेतो त्याला पॅडवरचा कागद. लहान गाड्या विकणाऱ्या कंपन्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

अमेरिकेत १९५८ पासून नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचवलेल्या किमतीचा छापील कागद लावणं कायद्याने बंधनकारक आहे. तरीही तिथले डीलर वरची शुल्कं लावतातच. २०२३ च्या डिसेंबरात तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने अशा लपवाछपवीविरुद्ध नियम केला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो कोर्टात रद्द झाला. त्यामुळे तिथलं शहाणं गिऱ्हाईक चार-पाच डीलरना मेल टाकतं, सगळं धरून शेवटचा आकडा मागतं आणि मगच दारात जातं. न्यू जर्सीला किंवा डॅलसला नातलग असतील तर विचारा, त्यांनी गाडी कशी घेतली. तेच नातलग सुट्टीत इकडे आले की वडिलांसाठी गाडी घेताना मात्र शोरूममध्ये तासन्तास बसतात, कारण इथे मेलला कुणी उत्तर देत नाही हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. उत्तर येत नाही कारण विचारणारे थोडे आहेत. शंभरातल्या वीस जणांनी जरी लेखीच मागितलं तरी शोरूमला एक माणूस मेलवर बसवावा लागेल.

परिवहन खात्याकडूनही माझी अपेक्षा आहे. डीलरला नोंदणीचं काम आता शोरूममधूनच करता येतं, कोरी गाडी तपासणीला आरटीओत न्यावी लागत नाही. एवढी मोकळीक दिली आहे तर तिला एक अट जोडा: कर आणि फी यांची वेगळी ओळ, पावतीच्या आकड्याशी जुळणारी, बुकिंगच्या वेळी गिऱ्हाइकाला लेखी. ज्याला ही अट पाळायची नाही त्याने नोंदणीसाठी रांग लावावी.

शेवटी डिलिव्हरीचा दिवस. त्या दिवशी प्रत्यक्ष जायलाच हवं, आणि मुहूर्ताच्या निदान तासभर आधी. दिवसाउजेडी जा. चासी नंबर बिलाशी ताडा, निर्मितीचा महिना मेलमधल्या महिन्याशी ताडा, किलोमीटरचा आकडा बघा, टायर बघा, रंगावर हात फिरवा. मग बसा आणि बिल व मेल शेजारी ठेवून एक एक ओळ जुळवा. हे सगळं चावी घेण्याआधी. चावी हातात आली, गाडीवरचं कापड ओढलं, हार घातला, केक कापला, की घरचेच म्हणतात, "जाऊ दे गं आता, आजच्या दिवशी कशाला." शोरूमला ते माहीत आहे. नंबर आला की 'वाहन'च्या पावतीवरचा कर बघा, आणि आरटीओच्या नावाखाली जास्तीचे घेतले असतील तर परत मागा. भाचीच्या शेजाऱ्यांनी असे मागितले, मेलवर, पावती जोडून. शोरूमने आधी फोन केला. त्यांनी उचलला नाही. मग पैसे खात्यात आले.